अकरा नंबरची गोफण

माणिक गेल्याचं मला गुलाबाच्या फुलावरून कळलं. गावातल्या आमच्या वर्गाच्या जुन्या सवंगड्यांचा मोबाईलवर एक गट आहे. जानेवारीतल्या एका दुपारी त्यात आधी गुलाब आला, मागून समई आली, मग जोडलेल्या हातांची रांग लागली, आणि गेलंय कोण हे लिहायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी परभणीत घरी बसलो होतो. 'कोण?' असं विचारलं, तर माझ्या त्या प्रश्नालाही दोघांनी हात जोडले. अर्ध्या तासानं एकानं लिहिलं, 'आपला माणिक. रानात. माळ्यावर बसल्या बसल्या.' त्याखाली पुन्हा गुलाब. तेव्हा रडू यायला पाहिजे होतं, ते आलं नाही. मला त्या फुलाची किळस आली, आणि दीड महिना होत आला तरी ती किळस अंगावरून उतरलेली नाही. गेलेल्या माणसाच्या आठवणीत असं काही लिहायचं नसतं हे मला कळतं. तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं, पोरांकडून निबंधात 'हुरहुर' आणि 'पोकळी' हे शब्द मीच लिहून घेतले... पण माणिकच्या बाबतीत मला ते शब्द वापरवत नाहीत, आणि का वापरवत नाहीत तेच सांगायला बसलो आहे.

आमचं गाव राणीसावरगावच्या पुढे, आडवाटेला. काळी भारी जमीन, आणि हिवाळ्यात बघावं तिकडं ज्वारी. कणसात दाणा भरायला लागला की पाखरं उतरतात. म्हणून रानात चार मेढी रोवून, वर माणसाला उभं राहता येईल असा माळा घालतात आणि तिथून गोफणीनं पाखरं हाकलतात. माणिक त्या दिवशी सकाळीच माळ्यावर गेला होता, एकटा. शेजारच्या हरभऱ्यात काम करणाऱ्या एका बाईला दुपारी वाटलं, बराच वेळ झाला, गोफणीचा फटका काही ऐकू आला नाही. ती बघायला गेली, तर हा मेढीला टेकून बसलेला, मान कलंडलेली, मांडीवर गोफण, आणि माळ्याभोवतीची कणसं चिमण्यांनी निवांत फोडायला घेतलेली. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी अंत्यविधीला गेलो, तर तिथं एक गृहस्थ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होते, "भाग्यवान माणूस, काळ्या आईच्या मांडीवर गेला." या गृहस्थांनी गेल्या वीस वर्षांत ढेकूळ हातात धरलेलं नाही. दुसऱ्यानं त्यावर कडी केली, म्हणाला, "माळ्यावर चढला होता, तिथून थेट वरच गेला." दोघे-तिघे हसलेसुद्धा. माणूस उन्हात एकटा मेला, तोंडात पाणी घालायला जवळ कुणी नव्हतं, यात कसलं आलंय भाग्य? हे मी तिथं म्हणायला पाहिजे होतं. मी मान हलवली आणि चपला शोधायला लागलो.

माणिक आणि मी पहिलीपासून एका बाकावर. तो अभ्यासात यथातथा, पण हाताला चैन नसायची. आमच्याकडे गोफण सगळ्यांनाच वळता यायची, त्यात विशेष काही नव्हतं. माणिकचं विशेष हे की त्याला एक गोफण वळून समाधान होत नसे. तो दोन वळायचा आणि त्यांची तुलना करायचा. अंबाडी पाण्यात बुडवून सडवावी लागते, मग तिचा दोरी वळायचा धागा, वाख, निघतो, आणि त्या सडलेल्या पाण्याला असा काही वास येतो की जेवण जात नाही. माणिक त्यात गुडघ्यापर्यंत उभा राहायचा आणि तसाच शाळेत यायचा. गुरुजींनी त्याला शेवटच्या बाकावर बसवलं, तेव्हा मी त्याच्याबरोबर शेवटच्या बाकावर गेलो नाही. आता आठवतं, मी खिडकीजवळची जागा मागून घेतली होती.

पण रानात मी त्याच्या मागं मागं असायचो. गोफण म्हणजे दोन दोऱ्या आणि मधे धोंडा ठेवायची झोळी, एवढंच दिसतं बघणाऱ्याला. एका दोरीच्या टोकाला फासा असतो, तो बोटात अडकवायचा. दुसरी दोरी चिमटीत धरायची, डोक्यावरून फिरवायची आणि नेमक्या वेळी ती चिमटीतली दोरी सोडायची. माणिक तीन-चार गोफणी घेऊन बांधावर उभा राहायचा आणि एकेका गोफणीनं पाच-पाच ढेकळं पलीकडच्या पळसावर टाकायचा. ढेकूळ जिथं पडेल तिथं मी पळत जाऊन काडी रोवायची. काळ्या रानात धोंडा सापडत नाही, त्यामुळे आमचं सगळं ढेकळांवर. जाळीसारखी विणलेली झोळी असली की ढेकूळ फिरता फिरताच फुटतं आणि माती आपल्याच डोळ्यांत येते. घट्ट विणीची झोळी ढेकूळ सांभाळते, पण अडकवून ठेवते, वेळेवर सोडत नाही. अंबाडीची दोरी पहाटेच्या दवानं जड होते. सुताची भिजली की लोंबते. केकताडाची, म्हणजे घायपाताची, बोटं कापते. नायलॉनच्या दोरीला ना दव लागत ना ती तुटत, पण घामेजलेल्या चिमटीतून ती आपली आपणच निसटते. शेवटी त्यानं नायलॉनच्या दोरीला धरायच्या टोकाशी हातभर अंबाडी जोडली. त्याला तो कलमी गोफण म्हणायचा, आणि ते म्हणताना त्याचा चेहरा असा व्हायचा की आंब्याचं कलम यानंच शोधून काढलंय. कुणी गोफण मागितली की तो आधी म्हणायचा, "हात दाखव." हाताची लांबी बघायचा, बोटं बघायचा, आणि मग दोरी कापायचा.

पुढे मी शिकलो, नोकरीला लागलो, परभणीला घर केलं. तो तिथंच राहिला. चार एकर, एक म्हैस, दोन पोरी. पोरी लग्न होऊन सासरी गेल्या. मी वर्षातून एकदा हुरडा खायला जायचो आणि परत येऊन वर्तमानपत्राच्या पुरवणीत लेख लिहायचो. मातीचा गंध, रानातला मित्र, त्याच्या हातातली कला... वाचकांची पत्रं यायची, लोक सत्काराला बोलवायचे. एका लेखाचं कात्रण मी माणिकला नेऊन दिलं. त्यानं ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "दिगू, चांगलं लिव्हलंस. पर आरं, ढेकूळ कुटं पडलं ते लिव्हलंच न्हाईस." मी हसलो. घरी येऊन बायकोला सांगितलं, किती निरागस माणूस आहे बघ. आज तो लेख काढून वाचला आणि मधेच ठेवून दिला. एवढं गुळचट मी लिहू शकतो याचाच मला वीट आला.

माणिकची बायको चंद्रकला. मी त्यांना वहिनी म्हणतो, त्या मला भावजी. त्यांच्याबद्दल मी एकाही लेखात एक ओळ लिहिली नाही, आणि खरी गोष्ट अशी की गोफणी माणिक वळायचा, पण माळ्यावर उभ्या राहून गोफण मारायच्या त्या वहिनी. लग्न होऊन आल्या त्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी माणिकच्या हातातली गोफण घेतली, एकदा फिरवली, आणि म्हणाल्या, "ही उजवीकडं वढायलीय." माणिकला हे पाच ढेकळं टाकल्याशिवाय कळत नसे. तेव्हापासून त्याच्या गोफणींचा निकाल वहिनी लावायच्या. बरी नाही म्हणाल्या की तो उसवायला घ्यायचा. मी स्वतः पाहिलंय, वहिनी माळ्यावर, पदर खोचलेला, आणि खाली माणिक ढेकळं वेचून टोपलीत भरतोय. तो वरती बघून विचारायचा, "कशी हाय?" त्या म्हणायच्या, "बगू, आजून एक टाकू द्या." तीस-बत्तीस हिवाळे दोघं असेच जोडीनं रानात जायचे.

चार वर्षांपूर्वी वहिनींचा उजवा हात कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये गेला. मधली तिन्ही बोटं गेली आणि तळव्याचाही वरचा भाग गेला. राहिला अंगठा आणि करंगळी. दवाखान्यातून घरी आल्यावर महिन्याभरानं मी भेटायला गेलो होतो. वहिनी आत गेल्या, चहा करून घेऊन आल्या, आणि कप त्याच हातात होता, अंगठा आणि करंगळीच्या मधे. जखम नुकतीच भरली होती, कातडी लालसर आणि ताणलेली होती. मी कप घेतला आणि खाली ठेवला. म्हणालो, "वहिनी, मी चहा सोडलाय, पित्त होतं." खोटं. येताना गावच्या फाट्यावर मी चहा प्यायलो होतो आणि परत जातानाही प्यायलो. वहिनी कप उचलून आत गेल्या. त्यानंतर कधी त्यांनी मला तो हात दिसू दिला नाही, पदराखालीच ठेवला. मी हे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

वहिनींनी रानात जाणं सोडलं. डाव्या हातानं गोफण फिरवून पाहिली होती म्हणे, ढेकूळ मागं जायचं. पन्नाशी उलटलेल्या हाताला नवं काय शिकवणार? गावातल्या बायका भेटायला यायच्या आणि तोंडावर म्हणायच्या, बरं झालं बाई, पोरींची लग्नं आधी झाली. वहिनी घरात बसल्या. माणिक एकटा माळ्यावर जायला लागला, आणि घरी आला की ओट्यावर बसून एकच गोफण वळायचा आणि उसवायचा. दोन वर्षं हे चाललं होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "जमल. एक बाजू जमलीय, एक राहिलीय." मी दुसरा विषय काढला.

मग ते मेळाव्याचं झालं. तालुक्याच्या गावी एका मंडळानं शेतकरी मेळावा भरवला आणि त्यात हातानं केलेल्या गोफणींची स्पर्धा ठेवली. गोफणीवर लेख लिहिणारा म्हणून परीक्षकांत माझं नाव. आदल्या दिवशी संध्याकाळी माणिकचा फोन आला. "दिगू, तू परीक्षक हायस म्हणं. आमची बी एक गोफण यायलीय. नंबर देऊ नको." मी म्हटलं, नंबर का नको? तर म्हणाला, "नंबराचं काय करायचंय? हिला संगं आणायलोय मी. हिच्या हाताची केलीय. हिला दाखवली तर हात लावीना. म्हणती, ही काय गोफण हाय का, थोटीचं खेळणं हाय, लोक हसतील. तू चार माणसांत निस्तं म्हण, की ही गोफण हाय. तुझं ऐकल ती. लय मानती तुला." मी म्हणालो, अरे त्यात काय, म्हणतो की. फोन ठेवला आणि जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी गोफणी शाळेच्या सभागृहात खिळ्यांना टांगल्या होत्या. प्रत्येकीला नंबराची चिठ्ठी, नाव गुप्त. आम्ही तिघं परीक्षक हातात कागद घेऊन भिंतीपुढून फिरलो, लग्नात आहेर बघत फिरतात तसे. सुबकपणा, रंगसंगती, पारंपरिकता आणि मांडणी असे चार रकाने होते. गोफण फिरवून बघायची नाही असं आयोजकांनी आधीच सांगितलं होतं, कारण बाहेर पाहुण्यांच्या गाड्या लावलेल्या आणि शाळेच्या काचा. आम्हा तिघांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. गोफण न मारता गोफणीची परीक्षा! पोहण्याची स्पर्धा काठावर उभं करून घेतल्यासारखं ते होतं, आणि आम्ही ते तासभर गंभीर चेहऱ्यानं करत होतो. पहिला नंबर आला तो लाल-पिवळ्या लोकरीच्या गोफणीचा. तिला मणी होते, आरसे होते आणि झोळीच्या दोन्ही बाजूंना घुंगरू होते. रानात फिरवली असती तर पहिल्या फेरीत घुंगरू कपाळावर बसले असते आणि पाखरं पळायची सोडून नाचायला उतरली असती.

अकरा नंबर माणिकची होती. मला बघताक्षणी कळलं. एका बाजूला बोटात घालायचा फासा नव्हता, त्या जागी राहिलेल्या तळव्यावर चढवायचा, चार बोटं रुंद विणलेला पट्टा होता, आतून जुन्या मऊ धोतराचं अस्तर लावलेलं. दुसऱ्या दोरीच्या टोकाला बोराएवढी गाठ, तिच्यावर अंबाडी गुंडाळून ती खरखरीत केलेली, म्हणजे अंगठा आणि करंगळीत धरली तरी निसटू नये. एक दोरी जाड, एक बारीक, लांबीही सारखी नाही. मी ती खिळ्यावरून काढून हातात घेतली. पट्ट्यात बोटं घातली आणि तो हात माझ्या डोळ्यांपुढं आला. ती ताणलेली लालसर कातडी आली, तो कप आला. मी गोफण पुन्हा खिळ्याला टांगली आणि हात रुमालाला पुसले. कुणी म्हणेल, लक्षात राहिलं नसेल, गडबड असेल. नाही. मला फोन आठवत होता, गोफण कुणाची ते कळत होतं, कशासाठी आहे तेही कळत होतं. तरी मी कागदावर लिहिलं, 'बेढब. प्रमाणबद्धता नाही.' शिसारी आली होती, आणि त्या शिसारीला मी शुद्ध मराठीत शेरा असं नाव दिलं.

मला वाटलं होतं, शेरे कागदावरच राहतील. पण आयोजकांना हौस. मार्गदर्शन म्हणून सगळे शेरे मंचावरून वाचायचं ठरलं. सूत्रसंचालक विनोदी म्हणून प्रसिद्ध होता. त्यानं अकरा नंबरची गोफण वर धरली, माझा शेरा वाचला आणि वर स्वतःची भर घातली, "मंडळी, ही गोफण आहे की म्हशीचं दावं?" सभागृह हसलं. मंचावरचे पाहुणे हसले. मीही हसलो, मी मंचावरच बसलो होतो. तेव्हा मला मागच्या रांगेत वहिनी दिसल्या. नव्या लुगड्यात होत्या, हात पदराखाली. त्या गोफणीकडे बघत नव्हत्या, माणिककडे बघत होत्या, आणि माणिक माझ्याकडे.

कार्यक्रम संपल्यावर तो मला फाटकाजवळ भेटला. गोफण गुंडाळून त्यानं खिशात ठेवली होती. ओरडेल, शिव्या घालेल असं मला वाटलं, एक प्रकारे मला तेच पाहिजे होतं. तो एवढंच म्हणाला, "टाकून बगितल्या का रे, एक तरी?" मी काचा आणि गाड्यांचं सांगितलं. "मंग जोखलं कशानं?" मी म्हणालो, अरे शेवटी दिसायला पण... वहिनी त्याच्यासाठी थांबल्या नव्हत्या, स्टँडच्या दिशेनं बऱ्याच पुढे गेल्या होत्या. तोही गेला. त्यानंतर दोन हुरडे आले, त्यानं बोलावलं नाही आणि मी गेलो नाही. गावाकडून कळायचं की माणिक एकटाच माळ्यावर असतो, वहिनी रानाकडे फिरकत नाहीत.

तो गेल्यावर बाराव्या दिवशी त्याच मंडळानं शोकसभा घेतली. त्याच सभागृहात. टेबलावर माणिकचा फोटो, आणि फोटोला हाराऐवजी गोफण घालायची अशी कुणाला तरी कल्पना सुचली. माणिकची स्वतःची गोफण त्यांच्याकडे नव्हती. मग त्यांनी ती पहिल्या नंबरची घुंगरूवाली मागवून घेतली आणि माणिकच्या गळ्यात घातली. ज्यानं म्हशीचं दावं म्हणून हशा घेतला होता तोच निवेदनाला होता, आणि त्यानं माणिकला 'गोफणसम्राट' म्हटलं. आवाज भरून आला होता त्याचा. एकामागून एक लोक उठले. कुणाला त्याच्यात ऋषी दिसला, कुणाला कलावंत. माणिकची एक गोफण कुणी हातात घेतली असेल तर शपथ. आणि मी? मी सगळ्यांत शेवटी बोललो. मातीचा गंध म्हणालो, हातातली कला म्हणालो, पोकळी म्हणालो. वहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, पांढऱ्या लुगड्यात, हात पदराखाली. पंखा लागला की फोटोवरचे घुंगरू वाजायचे, आणि तेवढा वेळ वक्ता थांबायचा. टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून वाजवल्या नाहीत, नाही तर माझ्या भाषणाला वाजल्या असत्या. घरी येऊन मी दोनदा चूळ भरली.

गेल्या आठवड्यात मी गावी गेलो. बायकोला सांगितलं, जमिनीच्या कागदाचं काम आहे. एक खरं बोलायला निघालो आणि निघतानाच खोटं बोललो. सकाळची वेळ होती. वहिनी ओट्यावर बसून भाकरी फडक्यात बांधत होत्या, डाव्या हातानं आणि दातांनी गाठ मारत होत्या. मला बघून त्यांनी उजवा हात पदरात घेतला. बसा म्हणाल्या, डाव्या हातानं पाण्याचा तांब्या पुढे केला. चहाचं विचारलं नाही. मी पाणी प्यायलो, सगळा तांब्या प्यायलो, आणि म्हणालो, "वहिनी, तो शेरा माझा होता."

"म्हाईत हाय की," त्या म्हणाल्या. "त्यांनी घरी आल्यावर सांगितलं. गोफण परत घेताना तुमचं अक्षर वळखलं त्यांनी कागदावर."

मी म्हणालो, आदल्या दिवशी त्यानं मला फोन केला होता, एवढंच म्हण म्हणाला होता की ही गोफण आहे. मी म्हणालो नाही. वहिनी गाठ सोडून पुन्हा बांधत होत्या. मग बोलल्या, आणि आवाज चढवलाही नाही. "तुमी तवा म्हणला असता, तर मी त्या हिवाळ्यात माळ्यावर गेले असते, भावजी. औंदा बी गेले असते. ते गेले त्या दिवशी मी हितं ओट्यावर बसून तांदूळ निवडायले होते. काय झालं नसतं, डॉक्टर म्हणलेत. पर मी तिथं असते." एवढं बोलून त्यांनी भाकरी बाजूला ठेवली. मला म्हणायचं होतं ते सगळं मी घरून ठरवून आणलं होतं, त्यातलं एक वाक्य कामाचं राहिलं नाही. मी विचारलं, "आता रान कोण राखतं?"

"मी जाते."

गोफण बघू का, असं मी विचारलं. त्या आत जाऊन घेऊन आल्या. तीच, पट्ट्याची. अस्तर काळं पडलं होतं आणि गाठीवरची अंबाडी दोन ठिकाणी नव्यानं गुंडाळलेली होती. मी उजवा हात पट्ट्यात घातला. तो बोटांच्या पेरांशी येऊन अडला. जोर केला, आडवा करून पाहिला, बोटं पार एकत्र आवळली, तरी आत जाईना. त्या मेळाव्यात आम्ही तिघांनी गोफणी मैदानात नेऊन दिवसभर जरी मारून पाहिल्या असत्या, तरी ही आमच्यापैकी एकाच्याही हातात बसली नसती आणि आम्ही तिला सगळ्यांत वाईट म्हटलं असतं. तिची परीक्षा करू शकेल असं त्या सभागृहात एकच माणूस होतं, मागच्या रांगेत. मी हात ओढून काढला, तर पेरांवर वळ उठले होते.

"वहिनी," मी म्हणालो, "एकदा मारून दाखवता? मी लांब बांधावर उभा राहतो. ढेकूळ कुठं पडतं ते मला बघायचंय. मी पेपरात लिहितो, सगळं लिहितो, माझ्या नावासकट."

"लिवा की," वहिनी म्हणाल्या. "काय लिवायचं ते लिवा." त्यांनी माझ्या मांडीवरची गोफण उचलली, भाकरीचं फडकं घेतलं आणि दार ओढून कडी लावली. पदर सावरला, हात आतच होता. "टाकते मी. रोज टाकते. लय लांब जातंय ढेकूळ, सरळ जातंय. कसलीच वढ न्हाई तिला." ओट्याच्या पायऱ्या उतरून त्या थांबल्या, मी उठून मागं यायला लागलो होतो.

"पर तुमच्यासमोर न्हाई, भावजी."